कादंबरीवरून ऐतिहासिक नाटक, १९०८ सालच्या पद्धतीने: पडदे, दिवे आणि सरकारी बंदीचा धाक

विंगेतला_हौशी

नमस्कार मंडळी. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीचं नाट्यरूपांतर आम्ही करतो आहोत. ते १९०८ च्या आसपास एखाद्या नाटक मंडळीने मुंबईत जसं उभं केलं असतं तसं करायचं आहे. म्हणजे रंगवलेले गुंडाळी पडदे, विंगा (बाजूचे आडोसे), झालरी (वरच्या आडव्या कापडी पट्ट्या), फुटलाईट (रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली लावलेले दिवे).

रंगमंचाची दर्शनी रुंदी ३० फूट, उंची १८ फूट, खोली २४ फूट. पडदा सरळ वर ओढून लपवता येईल एवढी उंची वर नाही. पहिल्या खर्ड्यात २३ प्रवेश आणि आठ ठिकाणं झाली आहेत. प्रत्येक ठिकाणाला अंधार केला तर प्रयोग तुटतो, न करावा तर माणसं सामान ओढताना दिसतात. पडदे किती, कशाचे आणि कसे करावेत? रंग कोणता? दिव्यांचा तो जुना उजेड आजच्या साधनांनी कसा आणायचा? आणि त्या काळच्या सरकारी बंदीचा धाक प्रयोगात दाखवायचा, तर नेमका कायदा काय होता?

पडदे_आणि_विंगा

प्रवेश २३ असले तरी चालतील. अडचण त्यांच्या क्रमाची आहे. कादंबरीचा क्रम तसाच ठेवलात तर तुम्ही म्हणता तेच होणार. त्या काळी मंडळीकडे पडद्यांचा एक संच असे: दरबार, महाल, रस्ता, जंगल, किल्ल्याचा तट, देऊळ, तुरुंग. नवं नाटक त्याच संचात बसवायचं. म्हणून रूपांतराचं अर्धं काम पडद्यांच्या क्रमातच असतं, आणि संवाद त्या क्रमाला धरून लिहायचे.

प्रत्येक प्रवेश वेगळ्या कार्डावर लिहा. पुढच्या पाच-सहा फुटांत, दोन-चार माणसांत, हातात धरून आणता येईल एवढ्या सामानात होणारा प्रवेश ‘पुढचा’. सिंहासन, बैठक, पायऱ्या, गर्दी लागते तो ‘मागचा’. दोन मागचे प्रवेश कधीही लागोपाठ येऊ द्यायचे नाहीत. आले तर मध्ये पहारेकरी, हेर, वाटेवरचे मावळे यांचा पुढचा प्रवेश घाला, किंवा आधीच लिहिलेला तिथे हलवा. सिंहासन, गालिचा आणि सहा आसनं लावायला चार माणसांना अडीच-तीन मिनिटं लागतात, त्यामुळे पुढचा प्रवेश निदान साडेतीन मिनिटांचा हवा. लोडतक्के सरकल्याचा, खिळा ठोकल्याचा आवाज कापडातून सरळ पुढे येतो. म्हणून तालवाद्य असलेलं सगळं याच जागी टाकावं. पोवाड्याचा चौक (कडवं) इथे शोभतो आणि उपयोगीही पडतो.

तुमच्याच कथेतलं उदाहरण घ्या. रायबाच्या लग्नाचं आवतण घेऊन तानाजी निघतो हा रस्त्याच्या पडद्यापुढचा प्रवेश. अक्षता, वाजंत्री, शेलारमामा, एवढंच. त्यामागे दरबार तयार. रस्त्याचा पडदा वर जातो तेव्हा तेच वऱ्हाड दोन पावलं मागे सरकून दरबारात उभं असतं. अंधार नाही, थांबणं नाही, आणि लग्नाच्या घाईतला माणूस एका क्षणात मोहिमेपुढे येऊन ठेपतो. कादंबरीला यासाठी पान उलटावं लागतं, इथे ते डोळ्यांदेखत होतं. माझ्या मते या रंगभूमीची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे.

२४ फूट खोलीत दर्शनी पडद्यापासून पहिला पडदा ६ फुटांवर, दुसरा १२ वर, तिसरा २० वर. मागे उरलेले ४ फूट ये-जा करायला मोकळेच ठेवा. तिथे सामान रचलंत की तिसऱ्या अंकात कुणीतरी धडपडतं आणि मागचा अख्खा पडदा हलतो.

दोन्ही बाजूंच्या विंगा झाकायच्या तर पडदा ३४ फूट रुंद आणि २० फूट उंच धरा. कापड कोरं मांजरपाट, ६० इंच पन्ह्याचं. शिवण सोडून एका पट्टीची ४ फूट १० इंच उंची मिळते, म्हणजे चार पट्ट्यांत १९ फूट ४ इंच होतात आणि दुमडीला काही उरत नाही. पाच पट्ट्या घ्या, प्रत्येकी ३५ फूट. एकूण १७५ फूट, सुमारे ५३.३ मीटर. कोरं कापड पाण्याने आटतं, म्हणून ५६ मीटर घ्यावं. मंगलदास मार्केटमध्ये पूर्ण तागा मागा, तुकडे जोडून देऊ नका असं स्पष्ट सांगा, नाहीतर पन्ह्यात अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक निघतो.

जोड आडवे हवेत, उभे नकोत. आडवा जोड खालच्या रुळाच्या वजनाने ताणला जातो आणि दिसेनासा होतो. उभा जोड आखडतो, आणि मग रंगवलेल्या आभाळात वरपासून खालपर्यंत सुरकुती दिसते.

रूळ पडद्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त, म्हणजे ३६ फूट. ४ इंची अ‍ॅल्युमिनियम पाइपचे १२ फुटी तीन तुकडे घ्या आणि आतून दीड फुटाची नळी सरकवून जोडा. तीन तुकड्यांमुळे जोड मधोमध येत नाही, हे महत्त्वाचं. बांबू आणि पीव्हीसी दोन्ही मध्ये झोल खातात, मग पडद्याच्या मध्यभागी कापड सैल गुंडाळलं जातं आणि दोन महिन्यांत कायमच्या चुण्या पडतात.

पडदा खाली असताना रुळाच्या उघड्या टोकांवर दोरी गुंडाळलेली असते, कापड ज्या दिशेने गुंडाळलं जातं त्याच्या उलट. दोरी ओढली की ती सुटत जाते, रूळ फिरतो आणि कापड त्यावर चढतं. कापडाचे १७-१८ वेढे होतात. २० फूट पडदा चढवायला दोरी जवळजवळ ४० फूट ओढावी लागते, त्यामुळे ओढणाऱ्याच्या मागे विंगेत मोकळी जागा आणि खाली दोरी पडायला टोपली ठेवा. दोन्ही टोकांच्या दोऱ्या एकाच विंगेत आणून, रूळ समतल करून, एकाच गाठीत बांधा. सुती दोर मुंबईच्या हवेत कमीजास्त ताणतो आणि पडदा तिरका चढतो. पॉलिएस्टरचा विणलेला दोर घ्या.

सरस_आणि_नीळ

रंगाबद्दल लिहितो. त्या पडद्यांचा मऊ, चमक नसलेला पोत सरसात (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदात) कालवलेल्या कोरड्या रंगांनी येतो.

१ किलो सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवा. सकाळी एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात सरसाचं भांडं ठेवा आणि वितळवा. थेट आचेवर ठेवलात तर सरस करपतो, चिकटपणा जातो आणि दोन दिवसांत कुजका वास सुटतो. वितळलेल्या सरसात एकूण १५-१६ लिटर पाणी होईल इतकं गरम पाणी घाला. हे झालं सरसपाणी. पहिल्या हातासाठी त्यात खडूची पूड, साईसारखं दाट होईपर्यंत. ६८० चौरस फुटांना पहिला हात १० ते ११ लिटर खातो. नंतरच्या रंगांसाठी पिवडी, गेरू, हिरमिजी, नीळ, काजळी. रंग आधी नुसत्या पाण्यात लगद्यासारखा घोटा, मग सरसपाणी. कोरडा रंग थेट सरसात टाकलात तर गुठळ्या राहतात आणि कुंचला ओढताना रेघा उठतात.

ओला रंग वाळल्यावर बराच फिका होतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आधी एका चिंधीवर देऊन पंख्याखाली वाळवा. ओल्या रंगावर भरवसा ठेवला की रात्रीचं आभाळ सकाळचं दिसतं. वाळलेल्या कापडावर बोट घासून रंग हाताला लागला तर सरस कमी आहे. कापड पापडासारखं वाजत असेल, दिव्यात चमकत असेल तर जास्त आहे, आणि असा पडदा रुळावर गुंडाळताना तडकतो.

आगरोधक द्रावण पहिल्या हाताच्या आधीच मारायचं. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ५०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. एका पडद्याला एवढं पुरतं. वाळल्यावर दीड इंच रुंदीची पट्टी उभी धरून खालून १२ सेकंद काडी लावा. काडी काढताच ज्योत विझली पाहिजे. एक सावधगिरी: असं कापड वापरत असाल तर त्यावर सुतारकामाचा पांढरा गोंद सरसाऐवजी वापरू नका. टाकणखाराशी तो साकळतो आणि चिकट गोळे होतात.

तिसरी_घंटा

सरसाच्या रंगाबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. पावसाळ्यात पडदे गोदामात राहणार असतील तर सरसावर बुरशी धरते, आणि छताचा एक थेंब गळला तरी पिवळी कड असलेला डाग उरतो, तो पुन्हा रंगवूनही वर येतो. बाजारचा मॅट इमल्शन पातळ करून वापरला तर काम अर्ध्या वेळात होतं.

सरस_आणि_नीळ

डागाचं म्हणणं मान्य. पण इमल्शनचा दोष गुंडाळी पडद्यातच बाहेर येतो. तो उकाड्यात मऊ पडतो, वेढ्यावर वेढा दाबला जातो आणि पडदा उलगडताना रंगच रंगाला चिकटून सुटतो. सपाट टांगून ठेवायच्या विंगा आणि झालरींना इमल्शन खुशाल वापरा. गुंडाळीच्या तीन पडद्यांना सरस. बुरशीसाठी सरसपाण्यात लवंगतेलाचे थेंब घाला आणि पडदे जमिनीवर न ठेवता रुळासकट आडवे टांगा.

दफ्तर_आणि_पोवाडे

कायद्याबद्दल. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, त्या सालचा एकोणिसावा. कलकत्त्यातल्या नाटकांमुळे व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या सरकारने आधी फेब्रुवारीत वटहुकूम काढला, मग त्याच्यानंतर आलेल्या लिटनच्या काळात डिसेंबरात कायदा झाला. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारा प्रयोग सरकारला हुकूम काढून थांबवता येई. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ती नटांना होतीच, जागा देणाऱ्या मालकालाही होती, आणि बंदी ठाऊक असून मुद्दाम हजर राहिलेल्या प्रेक्षकालाही.

पण नाटक मंडळीला खरी धडकी भरवणारं कलम आठवं. मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर पोलिसांनी दिवसा-रात्री केव्हाही, गरज पडल्यास जबरीने, नाटकगृहात शिरावं, माणसं ताब्यात घ्यावीत आणि पडदे, पोशाख, सामान जप्त करावं. वर ज्या पडद्यांचा एवढा हिशेब दिला आहे, तेच मंडळीचं भांडवल. नट सुटून येतील, पण पडदे गेले तर पुढच्या गावचा मुक्काम गेला. प्रयोगात धाक दाखवायचा असेल तर दंडुकेवाला शिपाई उभा करण्यापेक्षा हे दाखवा: सूत्रधार प्रवेशाआधी पडद्याला हात लावून बघतो, बस्स.

ऐतिहासिक किंवा पौराणिक विषय असला की मंडळी सुरक्षित, असं समजू नका. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. विषय महाभारतातला, पण कीचकात प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने बंदी घातली. तुम्ही १९०८ धरता आहात, तर २२ जुलै १९०८ ची तारीख टाळता येणार नाही. त्या दिवशी मुंबई हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. जुलैआधीचा प्रयोग आणि नंतरचा प्रयोग यांत तेच वाक्य वेगळं ऐकू येईल. ‘परका’, ‘गड परत घ्यायचा’ हे शब्द आधी मुघलांबद्दल वाटतात, नंतर गिरगावातला प्रेक्षक त्यावर टाळी देतो आणि मागच्या रांगेतला अंमलदार ती टाळी टिपून घेतो. तुम्ही महिना ठरवा आणि तो जाहिरातीवर छापा.

पोवाडा घेणार असाल तर तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, आणि हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय ज्यांच्या नावाने आहे तेच. ज्या सरकारचा कायदा सिंहगडावरचं नाटक थांबवू शकत होता, त्याच सरकारचा अधिकारी सिंहगडाचा पोवाडा जपून छापत होता. ही गोष्ट तुमच्या नाटकात कुठेतरी यावी असं मला मनापासून वाटतं.

आजचं म्हणाल तर १८७६ चा कायदा रद्द झाला आहे. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे कादंबरीवर आता कुणाचा हक्क नाही. मात्र एखाद्या अलीकडच्या संक्षिप्त आवृत्तीतली वाक्यं किंवा दुसऱ्याने केलेल्या रूपांतरातले प्रवेश उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो. मूळ आवृत्तीवरूनच काम करा.

तिसरी_घंटा

दिवे. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ पासून. वीजपुरवठ्याची कंपनी १९०५ ची, विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली. म्हणून १९०८ च्या प्रयोगात गॅस, रॉकेलवर जळणाऱ्या किटसनच्या बत्त्या आणि वीज यांपैकी काहीही चालेल, पण फिरत्या मंडळीचं नाटक असेल तर किटसन धरा. खरी ज्योत अजिबात नको. एलईडी पट्टीवर सगळं होतं.

फुटलाईटसाठी २२०० केल्विनच्या आसपासची पिवळी पट्टी, २४ व्होल्ट, मीटरला १४.४ वॉट. ३० फूट म्हणजे ९.१ मीटर, एकूण १३१ वॉट. पुरवठा २०० वॉटचा घ्या, १५० चा घेतलात तर तो पूर्ण ताकदीवर तापतो आणि दुसऱ्या अंकात बंद पडतो. पट्टी सलग ९ मीटर एका टोकाने जोडू नका, दुसरं टोक मंद दिसतं. मधोमध तोडून दोन्ही टोकांनी वीज द्या. पट्टीपुढे पत्र्याची वाकवलेली पन्हळ प्रेक्षकांच्या बाजूला, रंगमंचाच्या फळीपासून ६ इंचांपेक्षा उंच नको, नाहीतर पहिल्या तीन रांगांना पावलं दिसत नाहीत. डिमर स्वस्तातला असेल तर चित्रीकरणात पट्टे सरकताना दिसतात, तो आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तपासा.

खालून उजेड आला की नाकाची सावली कपाळावर चढते आणि डोळ्यांखालचे खळगे भरून निघतात. म्हणून त्या काळचा रंग गालाच्या वरच्या भागावर आणि भुवयांखाली गडद असे. आजच्या वरून येणाऱ्या दिव्यांची रंगभूषा इथे केली तर सगळे आजारी दिसतात. जस्ताचा सफेदा ठीक आहे. हिंगूळ आणि शिशाचा सफेदा जुन्या पद्धतीच्या नावाखाली कुणी सुचवला तर ऐकू नका, एकात पारा, दुसऱ्यात शिसं.

प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करू नका. मंद उजेड ठेवा, म्हणजे टाळी देणारा टाळी देताना शेजाऱ्याला दिसतो. वर ज्या अंमलदाराचा उल्लेख आला तो दाखवायला वेगळं काही करावं लागणार नाही.

विंगेतला_हौशी

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डं मांडून बघितली. चौथ्या अंकात कडा चढण्याचा आणि लगेच बुरुजावरच्या लढाईचा, असे दोन मागचे प्रवेश लागोपाठ येतात. मध्ये पुढचा प्रवेश घातला तर चढाईचा श्वास तुटतो. काय करावं?

पडदे_आणि_विंगा

या एका ठिकाणी नियम मोडा, पण जाळीच्या पडद्याने. १२ फुटांवरच्या रुळावर जंगलाच्या पडद्याऐवजी त्याच मापाचा पातळ जाळीदार पडदा लावा. मच्छरदाणीचं बारीक जाळीचं सुती कापड चालतं. त्यावर काळा कडा रंगवा. रंगात खडूची पूड नको, फक्त पातळ रंग, कारण पूड जाळीची भोकं बुजवते. पुढून उजेड असताना कडा ठोस दिसतो. पुढचा उजेड घालवून मागचा वाढवला की कडा विरघळतो आणि मागे बुरूज दिसतो.

बुरूज म्हणजे १६ फुटांवर ४ फूट उंच, ८ फूट रुंद चौथरा, पुढे ६ मिलिमीटर प्लायची कातरलेली तटबंदी. चढाई जाळीच्या पुढे दाखवायची. ३ फूट उंच खडकांचे दोन तुकडे, त्यांच्यामागे आडोशाला शिडी. घोरपडीचा दोर दिसेल असा लोंबत ठेवा, पण त्यावर कुणाचंही वजन टाकू नका. नट शिडीवर चढतो, हात दोरावर असतो. वजन दोरावर गेलं की वरच्या दांडीला झटका बसतो आणि तिन्ही पडदे हलतात.

यात चूक एकाच ठिकाणी होते. फुटलाईटचा उजेड खालून जाळीवर पडतो आणि कडा विरघळतच नाही. फुटलाईट आणि जाळी यांत १२ फूट असूनही हे होतं, कारण फळीवरून उजेड परततो. त्या प्रवेशापुरती फळीवर काळी घोंगडी अंथरा, मावळे ती पाठीवरून उतरवून टाकतात असं दाखवा. फुटलाईट पाच सेकंदांत शून्यावर, मागचा उजेड तिसऱ्या सेकंदापासून वर. शिट्टी एकच, दिवेवाल्यासाठी. दोरीवाल्याला वेगळी खूण हाताने द्या, दोन शिट्ट्या झाल्या की कुणीतरी पडदा ओढतोच.

विंगेतला_हौशी

घोंगडीने काम होईल. जाळी रुळावर गुंडाळताना फाटणार नाही ना?

पडदे_आणि_विंगा

वरच्या आणि खालच्या कडेला ६ इंच रुंद मांजरपाटाची दुहेरी पट्टी शिवून मगच दांडीला आणि रुळाला जोडा. बाजूच्या कडांना पट्टी नको, तिथे जाडी वाढते आणि गुंडाळी दोन टोकांना फुगते. आणि हा पडदा प्रयोगात एकदाच चढवा. तालमीत त्याच्या जागी साधी दोरी ताणून काम भागवा.